बर्ड फीडरवर खारींचा कब्जा, त्यांना इजा न होता काय करता येईल?

पाखरवेडी:
नमस्कार मंडळी, मागच्या अंगणात झाडाच्या फांदीला नळीसारखा प्लॅस्टिकचा बर्ड फीडर टांगलाय. सुरुवातीला छान चिमण्या यायच्या, आता सकाळी भरला की दोन तासांत रिकामा, कारण दोन खारी. त्यातली एक मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लटकते आणि पुढच्या दोन पंजांत बी धरून गोल गोल फिरवत सोलते, बघत राहावंसं वाटतं, पण तोवर चिमण्या तारेवर वाट बघून निघून जातात. दाण्याच्या भोकाची कड कुरतडून एवढी मोठी केलीये की उरलेलं सगळं खाली सांडतं. एकजण म्हणाले ग्रीस फासा, दुसरे म्हणाले पिंजऱ्यात पकडून लांब सोडून या. मला दोन्ही जिवावर येतंय. काय करू?

अंगणवासी:
ग्रीस, तेल, व्हॅसलिन काहीही फासू नका, प्लीज. ते खारीच्या केसांना चिकटतं, केसांची ऊब जाते, आणि ती अंग चाटून साफ करते म्हणजे सगळं पोटात. पाखराच्या पिसांना लागलं तर ते धुऊन निघत नाही. पिंजऱ्याचंही तेच, अनोळखी जागी तिला ना घरटं ना खाण्याचा ठावठिकाणा, बऱ्याच जगत नाहीत. आणि मादी असेल तर पिल्लं घरट्यात उपाशी मरतील, लांबून बघून ते कळतही नाही.

दाणापाणी:
खरा घोळ जागेचा आहे. फांदीला टांगला की खारीला रस्ता तयारच. फीडर झाडापासून लांब, गुळगुळीत लोखंडी खांबावर लावा. मोठी खार जमिनीवरून चारेक फूट उंच आणि बाजूला आठ-दहा फूट उडी मारते, म्हणून आजूबाजूला दहा फूट तरी झाड, भिंत, कुंपण काही नको आणि वर फांदीही नको. खांबावर साधारण चार-पाच फुटांवर पत्र्याचा शंकू, तोंड खाली करून, निदान दीड फूट रुंद. तिथपर्यंत चढते आणि पुढे वाटच नाही. फीडरही धातूचा घ्या, खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ती कुरतडणारच, त्यात तिचा काही दोष नाही. वजनाने झाकण मिटणारे फीडर मिळतात ते अर्धा किलोच्या करड्या खारीसाठी, पट्टेवाली छोटी खार जेमतेम शंभर ग्रॅमची, होल्यासारखा पक्षी त्याहून जड असू शकतो, म्हणजे खारीला अडवायचं तर तोही अडेल, तिथे ते कामाचं नाही.

चिवचिव:
मी बियांना तिखट लावून बघितलं होतं. पाखरांना तिखट झोंबत नाही हे खरंय, त्यांच्या शरीराला ती जाणीवच होत नाही, खारीला मात्र होते. पण वाऱ्याने पूड उडाली आणि खार पंजांनी डोळे चोळत बसली, ते बघून मी त्याच दिवशी बंद केलं. त्यापेक्षा सूर्यफुलाच्या जागी करडई घाला, खारींना ती फारशी आवडत नाही, बरेच पक्षी खातात, सवय व्हायला थोडे दिवस जातील एवढंच. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतात.

दाणापाणी:
करडई चांगली, +१. आणि जमलं तर झाडाच्या बुंध्याशी खारीसाठी वेगळी ताटली ठेवा, थोड्या बिया आणि शेजारी पाण्याचं पसरट भांडं. सोपं खायला मिळालं की खांबावर खटपट कमी करते.

पाखरवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी खांब रोवला, शंकू बसवला, ताटली बुंध्याशी. आज सकाळी खार शंकूखाली येऊन थांबली, दोनदा मान तिरकी करून वर बघितलं, खांब धरून थोडा वेळ बसली आणि उतरून ताटलीकडे गेली. वर तेव्हा चार चिमण्या होत्या, एकही उडाली नाही. करडई उद्यापासून.