‘द आइल’ला प्रेमकथा म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

कावेरी_कोथरूड
परवा इथंच एकीनं लिहिलंय, कोरियन दिग्दर्शक किम कि-दुकचा सिनेमा ‘द आइल’ (२०००) म्हणजे “निःशब्द, निस्सीम प्रेमाची कविता”, आणि ज्यांना किळस आली त्यांना प्रेमच कळलेलं नाही. वाचता वाचता माझा चहा गार झाला. अहो बाई, तळ्यावरच्या तरंगत्या खोल्या सांभाळणारी ती हीजिन, तिथं पोलिसांपासून लपलेल्या ह्यूनशिकवर जीव लावणाऱ्या मुलीचे हातपाय बांधते, तोंडाला चिकटपट्टी लावते. ती पोर पाण्यात पडून मरते. पुढे हा निघाला, तर ही स्वतःच्या शरीरात मासे पकडायचे गळ खुपसून घेते, आणि तो मागे फिरतो. ही कविता?

हॉस्टेलला असताना एक महाशय मनगटावर ब्लेड टेकवून फाटकाशी उभे राहायचे. मी बोलावं म्हणून. मैत्रिणी म्हणायच्या, “किती जीव आहे गं त्याचा!” आठ महिने मी मेसच्या मागच्या दारानं ये-जा केली. मला तो गळ बघताना ते ब्लेडच दिसलं.

रात्रीचा_शो
तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण त्याची शिक्षा सिनेमाला का? हे आदर्श प्रेम आहे असं किम कुठं म्हणतो? आणि पहिल्यांदा गळ कोण गिळतं, तेही सांगा ना! पोलीस आल्यावर ह्यूनशिक. ती त्याला पाण्याखाली लपवते आणि पोलीस गेल्यावर मासा ओढावा तशी दोरीनं वर ओढते. त्याला वाचवतेय आणि त्याच झटक्यात पकडतेयही. एवढं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तुम्ही अर्धाच सिनेमा बघितलेला दिसतोय.

कावेरी_कोथरूड
पूर्ण बघितला. उशी तोंडावर धरून, पण पूर्ण.

गरीवाला_देवगड
प्रेमाचं तुमचं चालू द्या. माझं डोकं फिरलं ते माशावरून. जिवंत माशाच्या अंगाचे काप काढून खातात आणि उरलेला तसाच पाण्यात सोडतात! आमच्याकडे गरवायला बसलो आणि बारकं पिल्लू लागलं, तर गरी सोडवून परत टाकतो. खायचा असेल तर मार, नाहीतर सोड. हे अर्धवट काय?

मेथीची_जुडी
म्हणजे मारणं चालतं, फक्त नीट मारायचं. छान. बेडकाचं काय? त्याचीही कातडी सोलली आहे, खरीखुरी. ब्रिटनच्या सेन्सॉरनं ही दृश्यं कापली ती उगाच नाही.

रात्रीचा_शो
किमनं मुलाखतीत सांगितलंय, चित्रीकरणातले मासे शिजवून खाल्ले.

मेथीची_जुडी
मग काय, पुण्यच लागलं त्याला.

गरीवाला_देवगड
मेथीताई, माझ्या बापानं चाळीस वर्षं होडी हाकली, त्या पैशांवर मी शिकलो. मला भूतदया शिकवू नका. तुमच्या मेथीवर औषध फवारतात तेव्हा किडे काय टाळ्या वाजवतात?

मेथीची_जुडी
आला मेथीवर! अजून कांद्याबद्दल काही?

नीलाक्षी
मासे, मेथी, कांदा. बाईबद्दल कुणी बोलणार आहे का? ती पूर्ण सिनेमाभर मुकी आहे. ह्या किमला बोलणारी बाई चालायचीच नाही. त्याच्याच ‘मोबियस’ सिनेमाच्या सेटवर अभिनेत्रीला थोबाडीत मारल्याबद्दल कोर्टानं त्याला ५० लाख वोनचा दंड केला होता, “अभिनय समजावत होतो” असा बचाव. २०१८ मध्ये तर आणखी अभिनेत्रींनी लैंगिक छळाचे आरोप केले. त्यानं ते नाकारले, ठीक आहे. पण मला आता त्या तळ्याकडे बघवत नाही.

रात्रीचा_शो
किमच्याच ‘बॅड गाय’मध्ये गप्प राहणारा पुरुष आहे. त्याच्या ‘थ्री-आयर्न’मध्ये तर नायक पूर्ण गप्प. नुसतं बाईलाच मुकं करतो हे चूक.

नीलाक्षी
हो का! ‘बॅड गाय’मधला तो गप्प पुरुष कॉलेजच्या मुलीला वेश्यावस्तीत नेऊन टाकतो. गप्प बसून केलं म्हणून सूट द्यायची असेल, तर देते. मानलं तुम्हाला.

रात्रीचा_शो
बरं, ‘बॅड गाय’चं उदाहरण मागे घेतो. ‘थ्री-आयर्न’ घेत नाही.

गरीवाला_देवगड
आणि तो गळ असा सहज निघत नसतो. टोकाला उलटा काटा असतो. माझ्या अंगठ्यात एकदा घुसला होता, मागे ओढला तर मांस घेऊन येतो. पुढून आरपार काढून टोक पक्कडीनं तोडावं लागतं. हीजिन ह्यूनशिकच्या घशातून गळ काढते ते बघून मी टीव्ही बंद करून ओटीवर जाऊन बसलो. बायको म्हणाली, “काय झालं हो?” काय सांगणार!

कावेरी_कोथरूड
गरीवाले, एवढ्या धाग्यात मला पटलेली गोष्ट एकट्या तुमची. मागे ओढला की मांस घेऊन येतो. आठ महिने मला हेच सांगायचं होतं मैत्रिणींना.

रात्रीचा_शो, काल ते दोरीनं ओढण्याचं दृश्य परत लावून बघितलं. जमलंय. प्रेमकथा तरीही नाही.

रात्रीचा_शो
उशीसकट?

मेथीची_जुडी
बेडकाचं उत्तर अजून आलेलं नाही.