पद्मिनीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: शहाणपण की आगाऊपणा?

फियाटवाला_पुणे (धागाकर्ता)

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, घरचीच. कव्हर घालून ठेवलेली नाही. वाई, सातारा, सणासुदीला कोल्हापूर, सगळीकडे तीच जाते. पावसाळा संपल्यावर मी डेल्कोतले (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटणारा डबा) पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला छोटा डबा) काढून हॉल सेन्सरचा, म्हणजे चुंबक ओळखून ठिणगीचा इशारा देणारा, किट बसवला. रोटरखाली (ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) डेल्कोच्या दांड्यावर मॅग्नेटची रिंग, शेजारी छोटं मॉड्यूल, दोन वायरी कॉइलला. बाहेरून काहीही दिसत नाही. तरी ओळखीच्या जुन्या गाडीवाल्यांनी नाकं मुरडली. "आता ती फियाट राहिली नाही" इथपर्यंत ऐकून झालं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. पॉइंट म्हणजे एक स्विच. मिटलेले असताना कॉइलमधून चारेक अँपिअर जातात, उघडले की तो प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहून प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. जळणार नाही तर काय? शिवाय कॅमवर (दांड्यावरचे पॉइंट उघडणारे उंचवटे) घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, तसा गॅप (पॉइंटमधली फट) कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. एक दिवस खंबाटकीला नेहमीच्या वळणावर तिसरा सोडून दुसरा टाकावा लागतो आणि आपण म्हणतो, गाडी थकली.

क्रायस्लरने १९७३ साली अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. म्हणजे माझी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हाच पॉइंट ही जुनी गोष्ट झालेली होती. आपल्याला पर्याय नव्हता म्हणून ते राहिले. त्यात पावित्र्य कसलं शोधायचं?

डेल्को_मास्तर

भाऊ, उभा जन्म फियाट आणि अँबेसेडर उघडण्यात गेला, म्हणून बोलतो. पॉइंट सांगून मरतात. आधी मिसिंग (ठिणगी मधेच चुकणं), मग सायलेन्सरमधून फटाके, मग सकाळी स्टार्टिंगला नखरे. शहाण्याने तेवढ्यात ओळखावं. तुमचं मॉड्यूल मरतं ते चालता चालता, एकदम.

कशेडीत रात्री गाडी बंद पडली, करंट नाही. पॉइंट असतील तर डेल्कोची कॅप (झाकण) काढायची, काळे पडले असतील तर काडेपेटीची खरखरीत बाजू दोघांच्या मधून दोनदा ओढायची, व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप बघायचा आणि निघायचं. मॉड्यूलला काय घासणार? कपाळ?

टायमिंगलासुद्धा बारा व्होल्टचा एक बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे पुरतात. पॉइंट उघडले त्या क्षणाला बल्ब पेटतो, तिथे डेल्को आवळा. झालं.

फियाटवाला_पुणे

मास्तर, काडेपेटीची पूड पॉइंटवर राहते आणि ते आणखी लवकर जळतात, हे तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगत असाल. आणि कशेडीची सोय मी केली आहे. जुने पॉइंट-कंडेन्सर बेस प्लेटसकट, गॅप लावून, डिकीत ठेवलेत. मॉड्यूल गेलंच तर दोन स्क्रू काढून जुनी प्लेट परत बसवायची.

डेल्को_मास्तर

म्हणजे शेवटी पॉइंट लागतातच की! मग गाडीत असू द्या, डिकीत कशाला?

(पूड पुसायची असते. कोरड्या कागदाची पट्टी ओढायची. तेवढं आम्हालाही कळतं.)

मायनर_लेस्टर

इंग्लंडमधून लिहितोय, माझ्याकडे मॉरिस मायनर आहे. इकडे हे किट सर्रास बसवतात आणि कोणी त्यावरून भांडत नाही. बहुतेकांनी पॉइंट सोडले ते पॉइंटमुळे नव्हे, कंडेन्सरमुळे. हल्ली मिळणारे कंडेन्सर भिकार. थंड इंजिनावर गाडी छान सुटते, गरम झाली की मरते, अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. लोक पेट्रोल पंप बदलतात, कार्बोरेटर खोलतात आणि चोर निघतो तो एवढासा डबा. कॅप काढून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पॉइंटमध्ये जाड पिवळट ठिणगी लखलखत असेल तर कंडेन्सर गेला.

किट घेणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत, माझ्या मायनरमध्येही, बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते. निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल तिथे जोडलंत तर ते तिथल्या तिथे खलास. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकायची सवय असेल तीही मोडा, साधी मॉड्यूल तेवढ्यानेही तापून जातात. पॉइंट मिटलेले असतील तर तेव्हा कॉइल तापतेच म्हणा, पण ती निदान थोडा वेळ सहन करते.

स्लाइडरूल

दोन्ही बाजू वाचल्या. भांडण स्विचवर चाललंय आणि डेल्कोच्या दांड्याकडे कोणी बघत नाही.

किट फक्त पॉइंटची जागा घेतो. वेग वाढला की ठिणगी किती आधी पडायची हे अजूनही डेल्कोच्या पोटातली दोन वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगाच ठरवतात. व्हॅक्यूमचा डबा (इंजिनावरच्या भारानुसार टायमिंग हलवणारा) असेल तर तोही तोच. रोटर, कॅप, एचटी वायरी (प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी), सगळं तेच. स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, वजनं गंजून अडकली असतील, तर हॉल सेन्सर चुकीच्या वेळेची ठिणगी अगदी नियमितपणे देईल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बुश, दांडा ज्यात फिरतो ती धातूची बाही. एवढ्या जुन्या गाडीत दांड्याचा बुश झिजलेलाच असतो. कॅप काढा, रोटरखालचा दांडा चिमटीत धरा आणि आडवा हलवून बघा. बोटाला खडखड जाणवली तर दांडा फिरताना वेडावाकडा नाचतोय. मग पॉइंटचा गॅप कॅमच्या एका लोबवर (उंचवट्यावर) एक आणि दुसऱ्यावर दुसरा. फीलर गेजने तुम्ही कितीही जीव तोडून लावा, इंजिन सुरू झालं की तो तसा राहत नाही. अशी माणसं कंटाळून किट बसवतात. मॅग्नेटच्या रिंगला हा डगडगाट पॉइंटइतका बाधत नाही, त्यामुळे गाडी सुधारल्यासारखी वाटते. बुश झिजतच राहतो. रोग रेड्याला अन् औषध पखालीला.

"अ‍ॅव्हरेज वाढला, पिकअप वाढला" असं किट बसवणारे म्हणतात, तेही याच हिशेबात धरा. ३००० आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद असतात, त्यातले सहा-सात पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्या वेळात साधी तीन ओहमची कॉइल व्यवस्थित भरते. म्हणजे पद्मिनी ज्या वेगाने पळते त्या वेगाला नीट लावलेले पॉइंट कमी पडत नाहीत. फरक जाणवला असेल तर आधीचे पॉइंट नीट लावलेले नव्हते. किटचा खरा फायदा एकच, लावलेलं टायमिंग टाच झिजून हलत नाही. तो लहान फायदा नाही, पण त्याला जादू म्हणू नका.

फियाटवाला_पुणे

अ‍ॅव्हरेजचा शब्दही मी काढलेला नाही, हे नोंदवतो. बाकी वजनं आणि स्प्रिंगांचं पटतं. पण बुश झिजतोच, तर त्याला कमी बाधणारी यंत्रणा घेणं हे माझ्याच बाजूचं नाही का?

स्लाइडरूल

दांडा रिंगसकट सेन्सरवर घासेपर्यंत तुमच्या बाजूचं. त्यानंतर नाही.

हेरिटेज_हट्टी

एक कागदोपत्री मुद्दा. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नवीन नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००. धागाकर्त्यांची गाडी २०२८ ला पन्नाशी गाठेल. तेव्हा "बॉनेट उघडा" म्हणाले तर? रॅलीत परीक्षक कॅपसुद्धा काढायला लावतात.

फियाटवाला_पुणे

कॅपखालचा स्विच म्हणजे इंजिनातला मोठा बदल, असं त्या नियमात मला कुठे दिसलं नाही. आणि मुळात मला तो नंबरच नको. व्हीए घेतला की गाडी रोज बाहेर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मग वाईला कोण जाणार?

रॅलीचं म्हणाल तर आदल्या दिवशी डिकीतली प्लेट बसवीन.

डेल्को_मास्तर

पाहुणे आले की चांगले कप काढतात तसं.

अंबी_१४८९

नागपूरकर अँबेसेडरवाला. आमच्या गाडीला पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एवढं आठवलं की पोट भरतं. 🙂

दोघांच्या मधला एक रस्ता कोणीच सांगितला नाही. पॉइंट राहू द्यायचे, पण कॉइलचा भार ट्रान्झिस्टरच्या एका डब्यावर टाकायचा. पॉइंटमधून अगदी थोडा करंट जातो, फक्त इशारा देण्यापुरता. त्यामुळे ते जळत नाहीत, कंडेन्सरचं काम संपतं, आणि डबा बिघडला तर वायर जुन्या जागी लावली की गाडी मूळ पद्धतीवर. टाच झिजते तेवढी झिजते. कॅमला ग्रीसचं बोट लावत राहायचं. माझ्याकडे हेच आहे, विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा त्रास नाही. डबा मात्र इंजिनापासून लांब, रेडिएटरच्या पुढे वाऱ्यावर लावलाय.

स्लाइडरूल

हे पटलं. मूळ यंत्रणा जिवंत ठेवून तिचा सगळ्यात दुबळा भाग वाचवलाय. पॉइंटवर भार कमी पडला की त्यांच्यावर साय धरते, बरेच दिवस गाडी उभी राहिली तर कागदाची पट्टी ओढायला विसरू नका.

नवा_भिडू_सांगली

मधेच विचारतो, रागावू नका. वडिलांची पद्मिनी सुरू करायची आहे. वर सांगितल्याप्रमाणे दांडा हलवून बघितला, चांगलाच खडखडतो. आता किट घेऊ की पॉइंट?

डेल्को_मास्तर

दोन्ही नको. आधी बुश. डेल्को काढायच्या आधी कॅप काढ, रोटरचं तोंड कुठे आहे तिथे बॉडीवर खडूने खूण कर. डेल्कोची बॉडी इंजिनावर बसते तिथे दुसरी खूण. एचटी वायरींना चिठ्ठ्या लाव, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, गोंधळ झाला तर त्यावरून लावता येईल. मग डेल्को घेऊन लेथवाल्याकडे जा, ब्राँझचा बुश बनवून घे, दांड्यावर चर पडला असेल तर तोही दाखव. आतली लवचिक अर्थची वायर तुटायला आली असेल, ती बदल. करंट येतो-जातो असा निम्मा त्रास तिच्यापायीच असतो, पॉइंट असोत की किट.

आणि डेल्को बाहेर असताना इंजिन फिरवू नकोस. गाडी गिअरमध्ये ठेवून ढकलूही देऊ नकोस कोणाला. घरात लहान पोरं असतील तर चावी खिशात ठेव.