घाटासाठी जाड ऑईल? आधी मॅन्युअल बघा

बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट चढायचा म्हणून गाडीत २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑईल भरा, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो मला अजिबात पटत नाही. ०डब्ल्यू-२० या पातळ ऑईलसाठी बनवलेल्या पेट्रोल इंजिनात जाड ऑईल थंड असताना वरपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि बरीचशी झीज तेव्हाच होते. बेळगावातली डिसेंबरची सकाळ आठवा! ग्रेडमधला शेवटचा आकडा (५० किंवा २०) १०० अंश सेल्सिअसवरचा दाटपणा दाखवतो. तापलेल्या इंजिनाचा विचार कंपनीने केलेलाच असतो.

बीएस-६ डिझेल असेल तर ग्रेडइतकंच एसीईए (युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेला ऑईलचा दर्जा) सी२ की सी३ हेही डब्यावर तपासा. जळल्यावर जास्त राख सोडणाऱ्या ऑईलने डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो आणि तो खर्च फार मोठा आहे. गाडी फक्त बेळगावातल्या बेळगावात, शहापूर-टिळकवाडी अशी आखूड फिरत असेल, तर किलोमीटर भरायची वाट न बघता वर्षाला ऑईल बदलाच.