अमेरिकेचा इतिहास शिकताना : तुमचे अनुभव लिहा

माझा भाचा यंदा अमेरिकेत बी.ए.ला जातोय आणि त्यानं मुख्य विषय इतिहास घेतलाय, तोही अमेरिकेचा. घरात एकच प्रश्न घोळतोय : जेमतेम अडीचशे वर्षांच्या देशाचा इतिहास चार वर्षं काय शिकणार? मी कॉमर्सची, मला उत्तर देता येईना. जे कुणी हा विषय तिथे किंवा इथे शिकले आहेत त्यांनी कृपया लिहा. वर्गात काय चालतं, काय जड गेलं, काय मनात राहिलं. सगळं त्याला वाचायला देणार आहे.

– टेक्सास, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

मी हा विषय आवडीनं घेतला नव्हता. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठातून पदवी हवी तर शाखा कोणतीही असो, अमेरिकन इतिहासाचे 6 क्रेडिट करावेच लागतात, तसा राज्याचा कायदा आहे. बाबांच्या नोकरीमुळे नाशिकहून गेले होते, आणि नाशिकच्या सवयीनं सनावळ्या पाठ करायला बसले.

दुसऱ्याच आठवड्यात एक कागद हातात आला : 19 जून 1865 चा, गॅल्व्हेस्टनला वाचून दाखवलेला लष्करी हुकूम. टेक्सासमधले सगळे गुलाम मुक्त झाले, हे सांगणारा. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा, म्हणजे ही बातमी अधिकृतपणे पोचायला अडीच वर्षं लागली. मी तेवढंच लिहिलं. पेपर परत आला तो ‘सी’ घेऊन, आणि खाली शेरा : काय घडलं ते कळलं, तुझं म्हणणं काय?

रडू आलं होतं. मग तोच कागद पुन्हा वाचला. त्याच हुकुमात पुढे म्हटलंय की मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच शांतपणे राहावं, मजुरीवर काम करावं, आळशीपणानं बसलेल्यांना पोसलं जाणार नाही. एकाच परिच्छेदात स्वातंत्र्य आणि धाक! ‘कारणे द्या’ आणि ‘टिपा लिहा’ यांत वाढलेल्या मला कागदाला उलट प्रश्न विचारता येतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. भाच्याला सांगा, पहिल्या पेपरला घाबरू नको.

– नांदेड, निवृत्त प्राध्यापक

आमच्या वेळी एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर असे. पुस्तकं हवीत तर हैदराबाद गाठायचं. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात 1964 पासून अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होतं. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं जायचो, पंधरा दिवस राहून वह्या भरून आणायचो.

मला अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध शिकायचं होतं ते कापसापायी. 1861 मध्ये उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. माझे आजोबा परभणीकडे कापूसच पिकवत. भाव कुठे ठरतो हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. मला ते हैदराबादच्या त्या टेबलावर कळलं, तोवर ते गेले होते.

– अमेरिका, पीएच.डी.

रीडिंगचं आधी सांगते : आठवड्याला एक अख्खं पुस्तक, कधी दोन. प्रस्तावना आणि शेवट नीट वाचावा, तळटिपा चाळाव्यात, मग मधली प्रकरणं. दफ्तरखान्यात पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी.

पण मला लिहायचंय ते एका दुपारबद्दल. आमच्या सेमिनारमध्ये 1860 च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या वाचायला दिल्या होत्या. मालकाचं नाव असतं. त्याखाली ओळीनं वय, लिंग, वर्ण. गुलामांची नावं नाहीत. स्त्री, 30, काळी. पुरुष, 8, मिश्र. पानंच्या पानं. मुक्त झालेली माणसं बहुतेक पहिल्यांदा नावानिशी भेटतात ती 1870 च्या जनगणनेत.

माझ्या शेजारी बसणाऱ्या काळ्या मैत्रिणीला 1870 मध्ये तिची खापरपणजी सापडली होती. त्या वयावरून दहा वर्षं मागे मोजून ती 1860 च्या यादीत बोट फिरवत होती. साधारण त्याच वयाच्या चार मुली होत्या, चार मालकांकडे. यातली कुठली? तिनं चारही ओळी वहीत उतरवून घेतल्या. मग मला विचारलं, “तुझं कुठवर माहीत आहे?” आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत कितीतरी पिढ्या मागे आहेत. लहानपणी त्या वहीसमोर मी कंटाळून बसले होते. ते तिला सांगताना माझा आवाज फुटेना.

अडीचशे वर्षं थोडी वाटतात ना? त्यातल्या एका ओळीवर माझी मैत्रीण पाच वर्षं काम करतेय.

– छत्रपती संभाजीनगर, सध्या मॅसॅच्युसेट्स

जय भीम ताई. माझं छोटंसं. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी निग्रो गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली. शाळेत हे एका वाक्यात आटोपलं होतं. इथे पुनर्रचनेचा, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्यानं बसवण्याचा काळ शिकताना मी ती अर्पणपत्रिका वर्गात मांडली. 1873 मध्ये दक्षिणेत काळे लोक मतदान करत होते, निवडून येत होते, आणि ते हक्क काढून घेण्यासाठी खूनही पडत होते. पुण्यात बसलेल्या एका माणसाचं त्याच वर्षी तिकडे लक्ष होतं, हे सरांनाही नवं होतं.

नंतर अ‍ॅमहर्स्टच्या विद्यापीठातलं ते पत्र पाहिलं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी काळ्या अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिलेलं. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत ते मागतायत, म्हणजे अस्पृश्यांनाही तसा अर्ज करता येईल का हे पाहतायत. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डुबॉइसांचं उत्तरही आलं. पत्र स्कॅन करून ठेवलंय, घरबसल्या वाचता येतं. भाच्याला जाण्याआधीच वाचू द्या. आणि पहिल्या सेमिस्टरला वर्गात बोलायची हिंमत झाली नाही तर त्यानं मला विचारावं, मीही आठ आठवडे गप्प बसलो होतो.