स्विफ्टला पुढून डावीकडे खट-खट, वर्कशॉपवाला म्हणतो स्टिअरिंग रॅकच बदला

समावाली_ताई:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. २०१४ ची स्विफ्ट डिझेल आहे, ८६ हजार किमी झालेत, बडोद्यात समाला राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती, दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत पाणी होतं, सीटपर्यंत नाही आलं. नंतर ऑइल बदललं, ब्रेक उघडून साफ करून घेतले पण सस्पेन्शनला कुणी हात लावला नाही. आता काही महिन्यांपासून हळू चालवताना बारीक खड्ड्यांवरून गेलं की डावीकडून पुढून खट-खट येतं, मोठ्या ब्रेकरवर उलट कमी येतं, आणि गाडी थोडी डावीकडे ओढते. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला दांडिया बाजारात नेते, रावपुऱ्याकडून जाताना तिला प्रत्येक खड्ड्याला धसका बसतो. वर्कशॉपवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) गेली, १९,५०० होतील. अलाइनमेंटवालाही म्हणाला नट फिरत नाही, रॅक बदला. दोघंही तेच म्हणतात म्हणून करून टाकावं का? खर्चाचं सोडा, पण आई गाडीत असते, स्टिअरिंगचं काम आहे म्हणून भीती वाटते.

मकरपुरा_जुना:
ताई थांबा, पैसे देऊ नका अजून. गाडी उचलून चाक हलवून बघितल्याशिवाय रॅक गेली असं कुणी सांगूच शकत नाही, नुसत्या चकरेवर तर अजिबात नाही. मी २२ वर्षं हेच काम केलंय. तुम्ही जे सांगताय, हळू स्पीडला बारीक खड्ड्यावर खट-खट आणि मोठ्या ब्रेकरवर कमी, ते ऐकून माझा पहिला संशय लिंक रॉडवर जातो. स्विफ्टला दोन्ही बाजूंना एकेक असतो, पेनाएवढा जाड रॉड, दोन टोकांना बॉल, गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या बारला शॉक अॅब्सॉर्बरशी जोडतो. एक चाक खड्ड्यात गेलं आणि दुसरं नाही गेलं की त्याच्यावर जोर येतो. ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढतात म्हणून त्याला काम पडत नाही आणि आवाजही येत नाही. रबर फाटलं की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं, बॉल सैल होतो.

लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभ्या राहा. चाक हवेत असताना दोन हातांनी डावी-उजवी बाजू धरून, घड्याळातले ३ आणि ९, हलवायचं. तिथे खडखड आली तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं चाकाकडचं टोक) नाहीतर आतला रॅक एंड (त्याच दांड्याचं रॅककडचं टोक). मग १२ आणि ६ वर धरून हलवायचं, तिथे प्ले (सैलपणा) असला तर बॉल जॉइंट नाहीतर हब बेअरिंग (चाकाचं बेअरिंग). या गाडीत बॉल जॉइंट लोअर आर्मसोबतच (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) येतो. आता गाडी खाली उतरवून इंजिन चालू ठेवायचं, एकाने स्टिअरिंग जरा-जरा डावी-उजवी करायची आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या टोकावर बोट ठेवायचं. खट कुठे होतं ते बोटाला कळतं, कानापेक्षा चांगलं. घरी करायचं असेल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणी जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

नट जाम आहे तो टाय रॉडचा लॉक नट. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला तो गंजतोच, आणि तो सुटल्याशिवाय टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सेट होत नाही. रस्ट पेनिट्रंट (गंज सोडवणारा स्प्रे) मारून रात्रभर ठेवा, सुटतो. नाहीच सुटला तर टाय रॉड एंड कापून नवीन लावतात, त्यासाठी रॅक कशाला?

गोरवा_रोड:
काका सांगतात ते बरोबर, पण एक सांगतो, रॅक असूही शकते. माझ्या गाडीचा रॅकचा बूट (टोकावरचं घड्यांचं रबरी कव्हर) फाटला होता, पुराचं पाणी आत गेलं, आतला शाफ्ट गंजला आणि स्टिअरिंग वळल्यावर स्वतःहून सरळ यायचं बंद झालं. म्हणून बूट नीट बघायला सांगा, हाताने दाबून, घड्यांमध्ये चीर असते ती वरून दिसत नाही. दुसरं, डावीकडे ओढते म्हणता तर आधी पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघा (बाणवाले टायर नसतील तर), ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचाच. आणि आपले रस्ते पाणी निघावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे थोडी गाडी डावीकडे जातेच. अलाइनमेंट करताना बूटाची बारकी क्लिप आधी सैल करायला लावा, नाहीतर रॅक एंड फिरतो आणि बूट पिळला जातो, मग तोच फाटतो.

समावाली_ताई:
अपडेट. प्रतापनगरला दुसऱ्या मेकॅनिककडे गेले, लिफ्टवर घेतली, मी खाली उभी राहिले. ३-९ वर काही नाही. १२-६ वर पण काही नाही. मग त्याने डावा लिंक रॉड नुसत्या बोटांनी हलवला तर खट-खट हातात आलं, तोच आवाज, मलाही धरायला दिला. रबर फाटून आत लाल गंज. आणि डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश (बोल्टभोवतीचा रबरी तुकडा) फाटलेला, रबर लोखंडापासून सुटलेलं, पहारीने दाबलं की आर्म चांगलाच सरकत होता. रॅकचे बूट दोन्ही चांगले आहेत. आता काय काय बदलू?

मकरपुरा_जुना:
लिंक रॉड दोन्ही बाजूंचे, एकत्रच जुने झालेत. डाव्या आर्मचा बॉल जॉइंटही तेवढाच जुना आहे, नुसता बुश दाबून बसवण्यापेक्षा आर्म पूर्ण घ्या, मजुरी एकदाच लागते. उजव्या बाजूचा बुश पण पहारीने बघून घ्या. आणि हे नक्की सांगा, बुशचे बोल्ट शेवटचे टाइट गाडी जमिनीवर उतरवल्यावर, चाकांवर वजन आल्यावरच करायचे. लिफ्टवर आर्म खाली लटकलेला असताना टाइट केले तर गाडी उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात पुन्हा फाटतं. घाईत बरेच जण हे करत नाहीत. सगळं झाल्यावर अलाइनमेंट. एक्स्प्रेस वेवर अहमदाबादला जाताना ८०-९० ला स्टिअरिंग थरथरलं तर ते चाकांच्या बॅलन्सिंगचं, आर्मचं नाही.

समावाली_ताई:
झालं काका. आर्म एक, लिंक रॉड दोन, लॉक नट रात्रभर भिजवून सुटला, अलाइनमेंट धरून ६,४०० लागले. बोल्ट गाडी खाली उतरवूनच टाइट करायला लावले, तो थोडा चिडला पण केले. काल रावपुऱ्यातून गेलो, त्याच खड्ड्यांवरून, आवाज नाही, ओढही गेली. आई मागे झोपली होती, दांडिया बाजार आल्यावर उठवावं लागलं.