चर्चच्या शाळेतली सकाळची प्रार्थना बंद करायला सांगावी का?

बार्देशची_सून
गोव्यात आमच्या भागातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत काही हिंदू पालकांनी मिळून अर्ज तयार केला आहे. असेंब्लीत ‘आवर फादर’ आणि क्रूसाची खूण बंद करा, त्याजागी सर्वधर्म प्रार्थना ठेवा, अशी मागणी आहे. माझी मुलगी तिथे दुसरीत आहे. कागद माझ्याकडेही आला. मी सही केली नाही. का केली नाही ते इथे सविस्तर लिहिते, कारण व्हॉट्सॲपवर त्याचं नुसतं भांडण झालं.

शाळा इगर्जीला, म्हणजे चर्चला, लागून आहे. आवारात सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, ग्रोटो (गुहेसारखी देवळी) आहे. प्रवेशाच्या दिवशी हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथल्या सिस्टर ज्या मायेने मुलांचं करतात, ती माया त्यांच्या श्रद्धेतूनच येते असं मला मनापासून वाटतं. श्रद्धा तेवढी बाजूला काढा आणि बाकीचं तसंच ठेवा, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, शाळा उघडली तेव्हा वर्गशिक्षिकेने हिंदू मुलांना पुढे बोलावून घरच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला) काय काय बांधलं ते विचारलं. कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग, नारळाची पेंड, सुपारीचा कात्रो. टीचर फळ्यावर चित्रं काढत होत्या आणि ख्रिस्ती मुलं नावं पाठ करत होती. नाताळात तीच मुलं येशूजन्माचा गोठा बांधतात, तेव्हा माझी मुलगी घरून भाताचं गवत घेऊन जाते. ज्याला स्वतःचा देव आहे त्याला दुसऱ्याच्या देवाची चौकशी करावीशी वाटते, हे मला तिथे दिसलं. सर्वधर्म प्रार्थना म्हणून जे काही ठेवतील ते कुणाचंच नसेल.

माझी मागणी वेगळी आहे. प्रवेशाच्या वेळी शाळेने लेखी विचारावं की मूल प्रार्थना म्हणेल की हात जोडून गप्प उभं राहील. आणि ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जातात त्या तासाला आमच्या मुलांना मूल्यशिक्षण नीट शिकवावं. मागच्या बाकावर बसवून चित्रं रंगवायला देणं म्हणजे मूल्यशिक्षण नव्हे.

डिचोलीचे_मास्तर
वहिनी, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी अर्जाच्या बाजूने आहे. मी सरकारी शाळेत आयुष्य काढलं, म्हणून नियमाचं बोलतो. राज्यघटनेचं कलम 28(3) वाचा. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत धार्मिक शिक्षण वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. या शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. तेव्हा संमती ही शाळेने केलेली मेहरबानी नाही, ते तिचं कर्तव्य आहे.

आता तुमच्या फॉर्मविषयी. सहा-सात वर्षांचं मूल. आजूबाजूला अख्खी रांग कपाळाला, छातीला, खांद्याला हात लावते आहे आणि तुमची मुलगी एकटी गप्प. किती दिवस राहील गप्प? त्या वयात वेगळं पडण्याइतकी भीती मुलांना कशाचीच नसते. ‘नाही’वर खूण करणारा पालक आपल्याच पोराला वेगळं काढतो. म्हणून असेंब्ली सगळ्यांची ठेवा, राष्ट्रगीत म्हणा, आणि ख्रिस्ती मुलांची प्रार्थना वर्ग सुरू होण्याआधी वेगळी घ्या. यात कुणाचा देव दुखावतो?

कवळ्याकडचा
केळशीची शांतादुर्गा कवळ्याला का आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला का आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला का आला, हे आमच्या घरात पोरांना गोष्ट म्हणून सांगतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे देव पाठीवर घेऊन खाडी ओलांडलेल्या लोकांची आम्ही मुलं. 1560 ते 1812 इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना नातवाने केलेली क्रूसाची खूण पाहून पोटात कालवतं. त्यांना कुणी मागासलेलं म्हणू नये, एवढंच.

साळगावची_टीचर
मी ख्रिस्ती आहे, अशाच एका शाळेत शिकवून निवृत्त झाले. मराठी वाचते, लिहिते, म्हणून इथे येते.

कवळ्याच्या भावाचं दुःख मी नाकारत नाही. पण चारशे वर्षांपूर्वी जे झालं त्याचा हिशेब आज पहिलीच्या वर्गाकडे मागू नका. आणि आणखी एक. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला (सणाला) हिंदू बायका तेल घेऊन येतात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. हे नातं पोर्तुगीजांनी जोडलं नाही, आमच्या-तुमच्या आज्यांनी जोडलं.

मास्तर, तुम्ही 28 सांगितलं, मी 30 सांगते. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क त्यात आहे. आमच्या गावातली शाळा पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चमंडळींच्या, जागेत उभी आहे. असेंब्लीतून प्रार्थना गेली तर चर्चने शाळा चालवायचीच कशाला? गणित शिकवायला सरकार आहे. सकाळी आठ वाजता देवाचं नाव घेऊन दिवस सुरू करणं, आजारी वर्गमित्रासाठी सगळ्यांनी मिळून मागणं, पॅरिशमध्ये कुणी वारलं तर क्षणभर थांबणं, यातूनच आमची शाळा बनते. वर्ग सुरू होण्याआधी कोपऱ्यात घ्यायची प्रार्थना ती ही नव्हे.

मूल्यशिक्षणाच्या तासाबद्दल मात्र बार्देशच्या सुनेचं शंभर टक्के खरं. त्या तासाला शिक्षक नेमत नाहीत, ज्याला मोकळा वेळ असेल त्याला पाठवतात.

पेडण्याची_लेक
प्रार्थनेने माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते टिकलीने. चवथीच्या सुट्टीनंतर माझ्या मुलीच्या हातावर मेंदी होती, कपाळावर टिकली. शाळेच्या गेटवर तिला टिकली काढायला लावली आणि मेंदी जाईपर्यंत रोज डायरीत शेरा. शाळेचं नाव घेत नाही, मूल अजून तिथेच आहे. त्याच महिन्यात वर्गातल्या मुली गळ्यात क्रूस घालून येत होत्या. मुलीने मला विचारलं, ‘त्यांचं चालतं, माझं का नाही?’ मी काय उत्तर देऊ?

गणवेशाचा नियम असेल तर सगळ्यांना एकच असावा. श्रद्धेसाठी सूट असेल तर तीही सगळ्यांना असावी. अर्जात हे घातलं असतं तर मी आधी सही केली असती.

साळगावची_टीचर
पेडण्याच्या ताई, हे चूकच आहे. टिकली हा फॅशनचा भाग आहे असं मला स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं होतं, तेव्हाही मी विरोध केला होता. ज्याला स्वतःच्या गळ्यातला क्रूस प्रिय आहे त्याने दुसऱ्याच्या कपाळाला हात लावू नये.

सत्तरीकर
सगळे प्रार्थनेवर बोलताय, मूळ दुखण्यावर कुणीच नाही. तुमच्या वाड्यावरची सरकारी मराठी शाळा कुठे गेली? पटावर मुलं नाहीत म्हणून कुलूप लागलं. मुलं कुठे गेली? इंग्रजीसाठी चर्चच्या शाळेत.

1990 मध्ये सरकारने प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी-मराठी माध्यमाला ठेवलं, तेव्हा चर्चच्या शाळा देवनागरी कोकणीत शिकवू लागल्या. वीस वर्षं ख्रिस्ती आणि हिंदू मुलं एकाच लिपीत धडे वाचत होती. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुलं झालं, त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, पण बहुतेक चर्चशाळा इंग्रजीकडे गेल्याच. ज्यांना मुलांवर आपले संस्कार हवेत त्यांनी आपली शाळा जगवायला हवी होती. दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून जायचं आणि देव्हारा हलवायला सांगायचं, हे मला पटत नाही. आणि मी पक्का मराठीवादी आहे.

डिचोलीचे_मास्तर
सत्तरीकर, शाळा ओस पडल्याचं दुःख माझ्याइतकं तुम्हालाही नसेल. पण पालकाला पाहुणा म्हणू नका. अनुदान त्याच्याही करातून जातं.

बार्देशची_सून
मास्तर, एकटं पडण्याचा तुमचा मुद्दा माझ्या मनाला लागला. त्यावर एक सुचवते. फॉर्म फक्त हिंदू पालकांना न देता सगळ्यांना द्यावा, ख्रिस्ती पालकांनाही. आणि असेंब्लीत प्रार्थनेआधी टीचरने एवढंच म्हणावं: ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणा, बाकीच्यांनी मनात आपल्या देवाची आठवण करा. मग गप्प उभं राहणं म्हणजे विरोध ठरणार नाही. माझी मुलगी गणपतीचं नाव घेईल, शेजारची ‘आवर फादर’ म्हणेल. दोघी देवासमोरच उभ्या असतील.

टिकली-मेंदीचा मुद्दा मी माझ्या कागदात पहिला घालते. पेडण्याच्या ताई, तो तुमच्याच शब्दांत लिहून पाठवा.

डिचोलीचे_मास्तर
ते एक वाक्य रोज म्हटलं जाईल याची हमी कोण देणार? पहिले दोन आठवडे म्हणतील, मग घाईत राहून जाईल. असेंब्ली सगळ्यांची हवी, या मतावर मी ठाम आहे. पण टिकली आणि मूल्यशिक्षणाच्या मागण्यांवर माझी सही घ्या, आणि कलम 28(3) चा मजकूर मराठीत उतरवून मी देतो. तो कागदाला जोडा.

कवळ्याकडचा
आईला हा धागा वाचून दाखवला. लईराईच्या बहिणीचं तिला आधीपासून ठाऊक होतं. पण नातवाच्या बाबतीत तिचं मत तेच आहे, आणि मी ते बदलायला जाणार नाही.

साळगावची_टीचर
एक व्यवहाराचं सांगते. कागद मुख्याध्यापिकेला देऊन थांबू नका. चर्चच्या शाळेत निर्णय मॅनेजरचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी पॅरिशच्या फादरचा असतो. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय लेखी घ्यायला लावा, इतिवृत्तात नोंद होऊ द्या, आणि फादरना प्रत द्या. सोबत दोन-चार ख्रिस्ती पालकांच्या सह्या असतील तर फार बरं. तुमचा मसुदा झाला की मला पाठवा, आमच्या वाड्यावर मी फिरवते.