ब्लॉग लिहून निबंध सुधारतो म्हणे!

खाडीपलीकडे:
काल एका ताईंनी इथे लिहिलं की मुलांना ब्लॉग लिहायला लावा, लेखन आपोआप सुधारेल. वाचून डोकंच फिरलं. मी सिंधुदुर्गात दहावीला मराठी शिकवतो. ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला. पावसावर लिहा म्हटलं की 'रिमझिम सरी, मोर नाचू लागले'. अहो, घरामागचा व्हाळ, म्हणजे ओढा, रस्त्यावर आला म्हणून परवा शाळा सोडून दिली, त्यावर एक अक्षर नाही! गाइडमधलं तेच वाक्य वहीऐवजी मोबाइलवर टाइप केलं तर सुधारलं काय? बरं, बारावीच्या इंग्रजीत 'ब्लॉग लिहा' हा प्रश्न आहेच. पोरं तो रेघांच्या कागदावर पाठ करून उतरवतात. वह्या तपासायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

दर्यावर्दी:
ती ताई मीच. सर, वह्या मीही तपासते, रविवारीसुद्धा. वेंगुर्ला तालुक्यातली माझी नववीतली विद्यार्थिनी. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर, लिहिलं, 'कोळी बांधव मोठ्या आनंदाने जाळे ओढतात.' ब्लॉगवर टाकलं तर तिच्याच वाडीतल्या काकांनी खाली विचारलं, 'आनंदान? कोण वडता? दोर खय धरतत?' पोरगी चिडली, आणि पहाटे किनाऱ्यावर जाऊन बसली. दुसऱ्या खर्ड्यात होडीतून अर्धगोलात सोडलेलं जाळं आलं, दोन्ही टोकांना मागे मागे सरकणारी माणसं आली, वाळूत रुतणाऱ्या टाचा आल्या, आणि शेवटी जाळ्यात मूठभर तारली नि बाकी प्लास्टिक. 'आनंद' गेला. माझ्या लाल शेऱ्याने गेला असता?

सड्यावरचा:
पहिली रेंज द्या. आमच्या वाडीत फोन लावायचा तर वरच्या कातळपठारावर, सड्यावर चढावं लागतं. ब्लॉग काय गुरं राखताना लिहायचा?

दोन_इंजिनं:
ताई अर्धंच सांगतायत. त्याच लेखात 'पर्ससीन आणि एलईडीवाल्यांनी समुद्र खरवडून नेला' असंही होतं. मी पर्ससीनवाला, नौकेवरून माशांचा थवा घेरून पिशवीसारखं आवळायचं मोठं जाळं लावतो. एलईडी, म्हणजे जनरेटरवर प्रखर दिवे लावून रात्रीची मासेमारी, केंद्राने २०१७ सालीच बंद केली, मी कधी लावली नाही. पण शाळेच्या पानावर आम्ही सगळे चोर! कर्जाचे हप्ते कोण भरतं, ते नाही लिहिलं तिने. हे तिला शिकवलं कोणी?

दर्यावर्दी:
तिच्या वडिलांनी. रापणीला जातात ते.

रापणकार:
तिना खोटा काय लिवल्यान? पर्ससीनचो हंगाम डिसेंबराक संपता, २०१६च्या आदेशात आसा. मग जानेवारीत रात्री दर्यार उजेड कोणाचो? काजव्यांचो?

दोन_इंजिनं:
परराज्यातल्या नौकांचा. आणि तुमच्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात माशांची पिल्लं येतात, ती मोजा आधी.

रापणकार:
आमची रापण पन्नास घरां पोसता. तुझी नौका एकट्याक.

दोन_इंजिनं:
माझ्या नौकेवरचे खलाशी काय हवा खातात?

खाडीपलीकडे:
बघा! विषय होता निबंध. आता सांगा ताई, पोरीचं नाव छापलंत का? १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं २०२३चा कायदा म्हणतो. वहीतलं वाक्य तिच्यात नि माझ्यात राहतं. तुम्ही नववीतल्या पोरीला गावच्या भांडणात मधोमध उभं केलंत.

दर्यावर्दी:
नाव नाही, फोटो नाही, आईची सही घेतली. पण लेख कोणाचा ते वाडीत सगळ्यांना कळलं, हे खरं. तेवढं तुमचं मान्य. खूश?

जुनी_शाई:
निवृत्त मुख्याध्यापक बोलतोय. बाळशास्त्री जांभेकर आपल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ साली 'दर्पण' काढलं, तेव्हा कुठली रेंज होती? पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत. रोज! मुलं वाट बघत. भित्तिपत्रक लावा, फुकट आहे. हल्लीच्या शिक्षकांना ॲपशिवाय खडूसुद्धा धरवत नाही.

दर्यावर्दी:
सर, आदर आहे. पण ते काका शाळेत येतात १५ ऑगस्टला, झेंड्यापुरते. भिंतीवरचं कधी वाचलं असतं त्यांनी? आणि खडूचं म्हणाल, तर तो मी पदरचे पैसे घालून आणते.

खाडीपलीकडे:
एक काका भेटले म्हणून पद्धत सिद्ध होत नाही. बाकीच्या पोरांच्या लेखांखाली काय होतं?

दर्यावर्दी:
'खूप छान बाळा', अंगठे, फुलं. मामा-मावश्या. त्यांचे दुसरे खर्डे झालेच नाहीत.

खाडीपलीकडे:
हेच मी पहिल्यापासून बोंबलतोय! ब्लॉग नको, काका वाटा शाळाशाळांतून.

दोन_इंजिनं:
लिहायचंच तर दोन्ही बाजू लिहू दे. सप्टेंबरात पोरीला घेऊन या धक्क्यावर. वडिलांनाही आणा. नौका दाखवतो, हिशोबाची वहीही दाखवतो. मग काय लिहायचं ते लिहा म्हणावं.

रापणकार:
येतलंव. जनरेटर आदी उतरवून ठेव.